पोट दाबून बघायची सवय

मासे खायला मला जितके आवडतात, तितकंच ते पकडणं किळसवाणं वाटतं. हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, एप्रिलच्या सुरुवातीला, साउथ डाकोटातल्या एका तळ्यावर कळलं. काठाच्या सावलीत अजून बर्फ होता. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत, आणि इतकं गार की हात बुडवला तर तो आपला वाटेना.

होडी माझ्या मुलीची. ती तिथे माशांचा अभ्यास करायची नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिनं ती धरली, तेव्हा एडिसन गावातल्या आमच्या घरी चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "एवढं शिकून शेवटी मासेच मोजणार!" पाहुणे हसले, ती हसली नाही. त्यानंतर तिचे फोन आईला यायचे, माझ्या वाट्याला नुसतं 'हाय बाबा'. यंदा मात्र तिनं आपणहून बोलावलं, "कम फिशिंग विथ मी." विमानतळावर बायकोनं बजावलं, "जुळतंय तर जुळू द्या. तिकडे शहाणपणा करू नका."

मी शहाणपणा केला नाही. बादलीत आमिषाचे बारीक मासे होते, जिवंत. एकेक उचलायचा, गळ तोंडातून घालून डोक्यातून बाहेर काढायचा. मला एकही जमला नाही. हातमोज्याला बुळबुळीत काहीतरी लागलं होतं, ते चुकून नाकाशी गेलं आणि सकाळचे पोहे घशाशी आले. मुलगी हसली आणि माझाही गळ तिनंच लावून दिला. बर्फ वितळला की वॉलआय जातीचे मासे अंडी घालायला काठाजवळच्या गोट्यांवर येतात, हे तिनं समजावून सांगितलं. कायद्यानं एखादी मोठी मादी ठेवता येते, पण ती ठेवत नाही, मोजते आणि सोडते. दोन वर्षांत बोलली नव्हती तेवढं त्या तासाभरात बोलली. मी शिसारी गिळून हो हो करत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

दुपारी तिच्या गळाला मोठी मादी लागली. हातभर लांब, पोट टम्म, डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे पांढुरके. मुलीनं हात ओले करून तिला अलगद उचललं आणि माझ्या हातात दिलं. "बाबा, यू होल्ड हर. मी फोटो काढते."

गिरगावच्या मासळीबाजारात माझी आई मासा घेण्याआधी अंगठ्यानं त्याचं पोट दाबून बघायची, आत गाभोळी आहे का म्हणून. गाभोळी म्हणजे माशाची अंडी. हळद-तिखट लावून तव्यावर परतली की आम्हा भावंडांत तिच्यावरून मारामाऱ्या. एडिसनच्या मासळीच्या दुकानातही मी काउंटरवर तेच करत आलो आहे. माझा अंगठा त्या पोटावरून फिरला. मी काही ठरवलं नव्हतं.

पिवळी अंडी भसाभसा बाहेर आली. माझ्या पँटवर, बुटांवर, होडीच्या तळाशी.

"स्टॉप! व्हॉट आर यू डूइंग?" मुलगी ओरडली. तिनं मासा हिसकावून घेतला आणि बराच वेळ पाण्यात धरून ठेवला. शेवटी तो हलला आणि खाली गेला. पाणी नितळ, त्यामुळे तो जाताना आम्हाला कितीतरी वेळ दिसत राहिला.

मी सॉरी म्हणालो. तिनं श्वास घेतला. म्हणाली, "इट्स ओके. तुम्हाला माहीत नव्हतं." तिनं मला खरोखर माफ केलं होतं.

काठाला लागल्यावर ती गाडी आणायला गेली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण सुटलं होतं. सँडविचची रिकामी पिशवी घेतली आणि गुडघ्यावर बसून, बुटाजवळची, तेलकट पाण्यातली, मिळतील तेवढी अंडी हातानं ओरपून तिच्यात भरली. मान वर केली तर ती काठावर उभी होती.

तिच्या घरी आल्यावर तिनं तवा गॅसवर ठेवला, तेल आणि तिखटाची बाटली माझ्यापुढे सरकवली. "कुक इट. अँड ईट इट." समोर खुर्ची ओढून बसली. मी परतली, खाल्ली. चव उत्तम होती. तिच्या देखत मी तव्याला चिकटलेलीसुद्धा उलथन्यानं खरवडून घेतली.

मी शेवटचा घास गिळेपर्यंत ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, कॅन यू चेंज युअर फ्लाइट?"

माझं तिकीट रविवारचं होतं. तो गुरुवार होता. मी हात पुसले आणि शुक्रवारचं विमान मिळतंय का बघायला फोन काढला.