आश्रुबा पेंटरांचा निळा फवारा

सोनपेठच्या आश्रुबा पेंटरांना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहिलो, पण त्यांचं मूळ गाव कोणतं, रंगकाम ते कुणाकडे शिकले, हेही कधी विचारलं नाही. एक दिवस मात्र मी जवळून पाहिला, आणि जे पाहिलं नाही ते पुढे त्यांनीच सांगितलं. तेवढ्यावरच लिहितो आहे. चुकलं तर चुकलं.

साल चौऱ्याहत्तर, उन्हाळ्याची सुरुवात. आश्रुबा दुकानांच्या पाट्या रंगवत, बैलगाड्या रंगवत. हात सुरेख, पण जीव सगळा नव्या युक्त्यांत. परभणीला त्यांनी यंत्राने रंग फवारून लोखंडी कपाट रंगवताना पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना हातातला ब्रश अगदीच मंद वाटायला लागला.

त्यांच्या सत्यशीलेला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगा पंडित, वालूरला शाळेत मास्तर. सोबत त्याचे मामा सूर्यभान, परभणीचे. मामांची स्वतःची मोटार आहे, असं मध्यस्थाने सांगून ठेवलेलं. असं स्थळ पुन्हा यायचं नाही, म्हणून आश्रुबांना आठ दिवस झोप नव्हती. घर सारवून झालं, पण परसातलं पत्र्याचं फाटक रंगवायचं राहिलं. पाहुणे दुपारच्या एसटीने येणार असा निरोप होता, म्हणजे हाताशी दोन तास. आश्रुबांनी ओळखीच्या शेतकऱ्याचा कापसावर औषध मारायचा पंप आणला, धुतला, त्यात निळा ऑइलपेंट रॉकेलने पातळ करून भरला आणि तोंडाला उपरणं बांधून पंप पाठीवर घेतला.

पहिल्याच फवाऱ्याला ते हरखले. बघता बघता फाटक निळं व्हायला लागलं. रंग पत्र्यावर कमी आणि वाऱ्यावर जास्त जात होता, पण तिकडे बघायला फुरसत कुणाला? भिंतीपलीकडे मोटार थांबल्याचा आवाज त्यांना आला. कुणा साहेबाची जीप असेल म्हणून त्यांनी हात चालूच ठेवला.

थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी नर्मदाबाई धापा टाकत आल्या. पाहुणे येऊन बसले होते, आणि तेही मोटारीने. बोळात गाडी शिरेना म्हणून मागे भिंतीला लावली होती.

आश्रुबांनी फाटक उघडलं. पांढरीशुभ्र अँबेसेडर उभी होती, आणि बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत तिला निळा गोवर उठला होता.

त्या घटकेला त्यांच्या मनात काय आलं, ते पुढे ते स्वतःच हसत सांगत. पंपात रंग शिल्लक होता. दुसरी बाजूही मारून टाकावी, म्हणजे गाडी एकसारखी तरी दिसेल. त्यांनी नळी उचललीसुद्धा, पण नर्मदाबाईंनी पंपच काढून घेतला.

मग आश्रुबा निळ्या भुवयांनी पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि खरं ते सांगून टाकलं. सोयरीक मोडली, असं धरूनच ते बोलले. पण सूर्यभानमामा रागावले नाहीत. ते धावत गाडीपाशी गेले आणि त्यांनीही खरं ते सांगून टाकलं. गाडी त्यांची नव्हती. ते एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. डॉक्टर गावाला गेलेले, आणि संध्याकाळी त्यांना स्टेशनवरून आणायचं होतं.

त्यानंतर जी पळापळ झाली, तिला तोड नाही. रॉकेलच्या चिंध्या झाल्या, साबण झाला. ठिपके मऊ पडले, पण निघेनात. एवढ्यात सत्यशीला स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आली. पुरणपोळीची कणीक तेलपाणी लावून तिंबता तिंबता ती उठली होती. तिने भीत भीत बॉनेटवर हात ठेवला, उचलला, तर ठिपके तळहाताच्या कणकेला चिकटून आले. तिने आत जाऊन परातच आणली.

मग काय, ज्याच्या त्याच्या हातात गोळा. मी खिडकीतून बघत होतो, तर माझ्याही हातात एक आला. मामा टपावर, आश्रुबा चाकांशी. खाली मान घालून पाटावर बसायची ती मुलगी बॉनेटपाशी बाह्या सारून उभी, आणि समोर नवरामुलगा.

"शिक्षण किती झालंय?" पंडितने गाडीकडेच बघत विचारलं.

"मॅट्रिक. तुमच्या हाताखाली अजून चार हायेत बघा."

नर्मदाबाईंनी तोंडाला पदर लावला. पंडितने ते चार ठिपके काढले आणि आपण होऊन आणखी कणीक मागितली.

दोनच्या सुमाराला गाडी पुन्हा पांढरी झाली. कणीक सगळी निळी. लोकांनी भाकरीबरोबर पुरण खाल्लं. जेवता जेवता मामा हळूच म्हणाले, "पाव्हणं, ही गोष्ट परभणीत जायला नको."

आश्रुबांनी त्यांच्या ताटात पुरण वाढलं. "सोयऱ्याची गोष्ट सोयरा कुठं बाहेर सांगतोय? परक्याचं मात्र मी काय सांगू शकत न्हाई."

मामा त्यांच्या निळ्या भुवयांकडे बघत राहिले, मग पंडितकडे बघितलं. पंडित कधीचाच होकाराची मान डोलावत होता.

"लय पक्के हायेत तुमी," मामा म्हणाले, आणि तिथेच सुपारी फोडायचं ठरलं.

पुढे माझी बदली झाली. सात-आठ वर्षांनी आश्रुबा मला सोनपेठच्या स्टँडवर दिसले. काखेत पिशवी, पायात नवी चप्पल. विचारावं असं पुष्कळ होतं, पण मला सुचलं नाही. कुठे निघालात, एवढंच विचारलं.

"लेकीकडं, वालूरला. तुमी?"

"परळीला."

"मग तिकडं उभारा. इथं तुमची गाडी लागत न्हाई."

"बरं," म्हणालो, आणि तिकडे गेलो.