आखाजीच्या आधीचा आंबा

लोक म्हणतात, लेकराच्या मनात देव असतो. डोंबल! नवव्या वर्षी माझ्या मनात फक्त आईच्या हातचा मार होता. मार बसेल ते पाप, गूळ मिळेल ते पुण्य. याच्या पलीकडे मला काही कळत नव्हतं, आणि आमच्याकडे अशाच पोरीला गुणाची म्हणत.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या बाजूचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरून त्यांच्या नावानं आमरसाचं पान वाढल्याशिवाय आमच्या घरात आंबा कुणी तोंडाला लावायचा नाही. त्या साली तर बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून नियम आणखी कडक. आणि नेमकी तेव्हाच वहिनी पोटुशी, पहिलटकरीण. तिला अन्न जात नव्हतं, आंब्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी दादानंच खामगावच्या बाजारातून सदऱ्याखाली लपवून दोन आंबे आणले. गोठ्यामागं ती खात होती आणि दादा तिच्याकडे बघून हसत होता. मी दोघांनाही पाहिलं. तसं हसताना ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईला उकिरड्यावर कोय सापडली. झालं! मला देवापुढं उभं केलं. "हात ठेव अन् सांग, कोनं खाल्ला आंबा?"

"वहिनीनं."

खरंच तर बोलले! शाळेत रोज तेच घोकून घ्यायचे. दादा दारासमोरच बैलाचं दावं सोडत होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दाव्याकडे. आंबा आणला कुणी, हे आईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वहिनी खाली मान घालून उभी राहिली. आईनं मला गुळाचा खडा दिला, तो मी चाटून चाटून खाल्ला.

वहिनी सातव्या महिन्यात बाळंत झाली. लेकरू दिवसभरसुद्धा जगलं नाही. "पितराइनं नेलं," आई म्हणाली आणि रोहिणखेडला, तिच्या माहेरी, वहिनीची रवानगी झाली. आणायला कुणी गेलंच नाही.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. वर्गातली माझी मैत्रीण बौद्ध. तिच्या घरानं जुने देव, पितर सगळं सोडून दिलं होतं. आंब्याला पाड लागला की ते खायचे. तिची आईही त्याच साली पोटुशी होती, तिनं आखाजीची वाट न पाहता मनसोक्त आंबे खाल्ले आणि तिला गुटगुटीत पोरगा झाला. मी आईला विचारलं, "त्याइच्या लेकराले काऊन नाही काही झालं?"

"त्याइचं येगळं असते."

"म्हंजे पाप घर पाहून लागते का?"

थोबाडीत बसली. पण तिथून पुढं मला हळूहळू उमगत गेलं. आंब्यानं लेकरू मेलं नव्हतं. आणि मेलं असतं तरी आणणारा मोकळा अन् खाणारी तेवढी पापीण, हा कुठला न्याय? चौदाव्या वर्षापर्यंत मला हे सगळं स्वच्छ कळू लागलं होतं. अडाणीपणाची सबब तेव्हा उरली नव्हती.

त्याच वर्षी वहिनीचे वडील आमच्याकडे आले. टोपी हातात धरून ओसरीवर बसले.

"दुसरी पोरगी पाहून राह्यले म्हनते तुम्ही. माह्यी पोरगी सांगते, आंबा नवऱ्यानंच आनून देल्ला होता. तुमच्यातल्या एकानं हाव म्हना फक्त. उद्याच तिले आनून सोडतो."

"मी नाही आनला," दादा म्हणाला. लगेच म्हणाला, जरासुद्धा अडखळला नाही मेला.

म्हातारा माझ्याकडे वळला. "बाई, तू होती ना घरी? तू सांग मा. तू म्हनशीन ते मी मानतो."

मलकापूरकडे माझी सोयरीक जमत आली होती. बाप नसलेल्या पोरीचं लग्न भावाच्या हातात. आई दाराआडून माझ्याकडे बघत होती, दादाही बघत होता, आणि यावेळी त्यानं नजर वळवली नाही. एका शब्दाचं काम होतं. रोहिणखेडला एक बाई त्या शब्दासाठी बापाची वाट बघत बसली असेल, हेही मला ठाऊक होतं.

"मले नाही मालूम," मी म्हणाले. "मी लहान होती तवा."

म्हातारा पाणीही न पिता उठला. जाताना मला म्हणाला, "सुखी राह्य." त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्याच उन्हाळ्यात दादाचं दुसरं लग्न लागलं आणि पाठोपाठ माझंही.

त्या दिवशी म्हातारा दिसेनासा झाल्यावर आई दाराआडून बाहेर आली. माझ्या केसांवरून हात फिरवत दादाला म्हणाली, "आता पोरीले समज आली."

मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. मला बरं वाटलं.