गोजराच्या खारीला मिळालेली स्थगिती

ऐरोलीच्या खाली, खाडीला लागून गोजराची खार होती. बांध घालून भरतीचं पाणी अडवलेली भातजमीन. नवरा बाळाराम तापानं गेला तेव्हा तिच्या पदरात दोन मुली होत्या. बाई आता शेत टाकून माहेरी जाणार, असं भावकीनं धरूनच चाललं होतं. ती गेली नाही. कंबरभर चिखलात उतरून तिनं बांध राखला, भात पिकवलं आणि थोरलीचं लग्नही त्याच भातावर केलं. जीभ मात्र तिखट झाली. गावात कोणी तिच्या वाटेला जात नसे.

अठ्ठावन्न साली चुलत दीर धर्मराज कोर्टात गेला. खार आपल्या बापाची, बाळारामला ती नुसती कसायला दिली होती, असं त्याचं म्हणणं. वाटणी तोंडी झालेली. ती पाहिलेली म्हातारी माणसं बहुतेक गेली होती, आणि उरली त्यांना धर्मराजच्या शेतावर मजुरी हवी होती. ठाण्याच्या कोर्टानं निकाल दिला, कब्जा धर्मराजला द्यावा.

निकाल अमलात आणून घ्यायला त्यानं लगेच दरखास्त लावली. बेलिफ येऊन उभ्या पिकासकट शेत ताब्यात देणार, हे गावभर झालं. गोजराचा भाऊ देवजी तिला घेऊन भरतीबरोबर होडीनं ठाण्याला गेला. अपील दाखल झालं, देवजी जामीन राहिला आणि कोर्टानं निकालाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली.

"अपील चालू आहे तोवर तुम्हाला कोणी हलवू शकत नाही," वकिलांनी समजावलं. "पण जमीन आहे तशीच ठेवायची. नांगरा, पेरा, कापा. बाकी काही करायचं नाही. दोघांनीही. जैसे थे."

"मना कोनी हलवनार नाय ना? मंग झालं," गोजरा म्हणाली.

दोन हंगाम तिनं सुखानं कापले. तिसऱ्या वर्षी चैत्रातल्या उधाणानं बांधाला खांड पाडली. फार मोठी नव्हे, माणूस आडवा झोपेल एवढी. गोजरा देवजीला आणि चार गड्यांना घेऊन खाली उतरली. चिखलाचे गोळे थापायला सुरुवात झाली, तोच धर्मराज बांधावर येऊन उभा राहिला.

"वैनी, हात लावू नको. कोर्टानं जैसे थे सांगितलंय. बांध घातलास तर मी उद्याच अर्ज टाकतो. तुजा स्टे उठंल."

"भावजी, तुमची खार माज्या मागंच हाय. पानी तुमच्यातबी येनार."

"येवू दे."

त्याच्या मनात काय होतं ते तिला दिसत होतं. एक वर्ष खारं पाणी शिरलं की बाई थकून शेत सोडेल, मग आपण बांध घालू. आयुष्यात कोणाचं न ऐकलेल्या गोजरानं हातातला गोळा खाली ठेवला. आपल्या हातानं स्थगिती घालवायची तिची छाती झाली नाही. देवजी म्हणाला, "आक्का, थापून टाकू, मंग बघू." तिनं त्यालाच गप्प केलं आणि गड्यांना घरी पाठवलं.

वकील म्हणाले, परवानगी मागू. तोवर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टीनंतर अर्ज निघाला, तर धर्मराजच्या वकिलानं मुदत मागितली. मग पुन्हा मागितली. बांध दुरुस्त करायला हरकत नाही, असा हुकूम झाला तेव्हा श्रावण लागला होता. आषाढाच्या उधाणांनी खांडीतून होडी जाईल एवढी वाट केली होती. गोजराची लावणी कुजली. मागे धर्मराजची पाच एकर बुडाली. आता चार गड्यांचं काम राहिलं नव्हतं, सारा गाव लागला असता. भावकीच्या भांडणात गाव उतरला नाही.

अपिलाचा निकाल चौसष्ट साली लागला. गोजरा जिंकली. खार तिचीच, असं कोर्टानं सांगितलं. ती पाहायला गेली तर तिवरं तिच्या डोक्यावर गेली होती आणि पोरं मधल्या पाण्यात जिताडा धरत होती. धाकटी मैना सोबत होती. कुठवर आपलं, ते तिला दाखवताही येईना.

महिन्याभरानं धर्मराज दारात आला. म्हातारा दिसायला लागला होता.

"सरकार खारीचे बांध घालून देतंय. दोगांच्या नावानं अर्ज करू, वैनी. तुज्याशिवाय माजाबी घेनार नायत."

गोजरा मासळी साफ करत होती. तिनं मान वर केली नाही.

"माजी जमीन जैसे थे हाय," ती म्हणाली. "तशीच राहू दे."

तो बराच वेळ उंबऱ्याशी बसला आणि उठून गेला. मैना म्हणाली, "आये, अंगठा दिला असतास तर आपलं शेत परत आलं असतं."

"त्याचंबी आलं असतं."

पुढं गोजरा मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहू लागली. तळपायांना भेगा पडल्या, त्यात मीठ भरे. मैनाचं लग्न देवजीनं केलं. धर्मराजची मुलं गाव सोडून मुंबईच्या गिरणीत लागली. त्या खारीत पुन्हा कोणी भात लावलं नाही.