त्याची गैरहजेरी

कोर्टाच्या व्हरांड्यात मी सकाळपासून घोटभर पाणीही प्यायले नव्हते. शिपायाने बजावलं होतं, "मावशी, लांब जाऊ नका, पुकारा कधीही होईल." मागच्या तारखेला एसटी उशिरा आली, तर माझ्या नावाने वॉरंट निघालं. ज्याच्याशी कुंपणावरून भांडण झालं, तो बंगलेवाला शेजारी मात्र एकदाही आलेला नाही. केस दोघांवरही आहे.

त्याच्या बंगल्याचा, गाडीचा मला कधी हेवा वाटला नाही. त्याच्या इथे नसण्यावर मात्र मी जळते.

आज त्याचं नाव पुकारलं. त्याचे वकील उठून म्हणाले, "साहेबांना ताप आहे." जजसाहेबांनी मान डोलावली.

माझंही अंग पहाटेपासून तापाने फणफणत होतं. पण ते सांगायलासुद्धा मलाच यावं लागलं असतं.