पोटॅशियम आणि शहाळं
शहाळं सोलल्याचा ओला वास आला की बारामतीच्या वॉर्डातलं माझं गाढवपण आठवतं. नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कळस गावच्या एका आबांच्या किडन्या बिघडून रक्तात पोटॅशियम वाढलं होतं. परीक्षक बाईंसमोर मी ऐटीत पोपटपंची केली, "हृदय बंद पडू शकतं, म्हणून केळी, शहाळं बंद!" आबा खाटेवरून म्हणाले, "आन् मगाशी नळी घालून तूच पाजलंस की रं!" पाहुण्यांनी आणलेलं शहाळं मी खरंच पाजलं होतं, तेही हाच धडा घोकत; रिकामं शहाळं अजून खाटेखालीच पडलं होतं. बाई ईसीजीचं मशीन आणायला धावल्या. आबा बचावले, मी नापास झालो. घरी जाताना आबा म्हणाले, "पाठ झालंय न्हवं? मग आता शिक." हल्ली मीच शिकवतो, पण वॉर्डात शिरलो की फायलीआधी खाटेखाली वाकून बघतो.