न आलेल्यांची यादी

शेंद्र्याच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात मी गेली बावीस वर्षं आरोग्यसेविका आहे. गाव मला नर्सबाई म्हणतं. मुकुंदवाडीहून रोज स्कूटीवर जायचं, दोन खोल्यांचं उपकेंद्र उघडायचं, झाडून घ्यायचं आणि बसायचं. त्या गावातल्या निम्म्याअधिक पोरांना पहिली सुई मी टोचली आहे. आता त्यातली काही कंपनीत कामाला जातात, तरी मला बघितलं की गमतीनं दंड चोळतात.

मी लागले तेव्हा आमचं काम म्हणजे रोगाच्या मागं धावणं. कुणाला ताप आला की बोटातून रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरवून तपासणीला पाठवायचं. हगवण सुरू झाली की विहिरीत ब्लीचिंग पावडर. जोडीला पोलिओचे डोस. मग घरातलं बाळंतपण थांबवायचं आलं, त्यासाठी सासवांच्या पाया पडायचं आलं. हे सगळं मी केलं, चांगलं केलं, आणि ते आपण एकटीनं केलं याचा मला अभिमान होता.

मग उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं. भिंतींना नवा रंग लागला आणि काम उलटंच झालं. आता आजारी माणूस येईल तेव्हा बघायचं नव्हतं, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासायची होती, त्याला काही होत असो वा नसो. त्यासाठी एक बाई आली. सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. वय माझ्या पोरीएवढं. नर्सिंगची डिग्री घेतलेली, बोलणं आमच्याकडचंच. तिचे वडील अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होते, हे तिनं पहिल्याच दिवशी कुणी न विचारता सांगितलं.

टेबल तिला मिळालं. मला खिडकीजवळ प्लास्टिकची खुर्ची. आठवड्याभरात गावातल्या बाया तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. मी केंद्रात असताना एक म्हातारी दारातून डोकावली आणि मला म्हणाली, "मोठ्या बाई नायत का? मग दुपारून येते." तिच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं मी बघितली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एकदा तिनं माझी रजिस्टरं मागितली. मी ती मोठ्या तोऱ्यानं पुढं ठेवली, कारण माझी रजिस्टरं तालुक्यात दाखवायला नेत. तिनं तासभर चाळली आणि विचारलं, "ताई, आलेल्यांची नोंद लई छान आहे. न आलेल्यांची कुठंय?"

"जे आलेच नाहीत त्यांची नोंद कशी ठेवणार?"

ती म्हणाली, "आमचा बाप संध्याकाळी मेंढरं आत घेतो ना, तेव्हा आत आलेल्याकडं बघत नाय. कोणतं मागं राहिलं तेवढंच बघतो."

मी रजिस्टरं उचलली आणि कपाटात ठेवली. बरोबर बोलली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

तिनं मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढून भिंतीला लावला. एकेक घर. तपासणी झाली की टिकली. मग तिनं तपासणीचं शिबिर ठरवलं आणि मला विचारलं, "ताई, शुक्रवार बरा का?" दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि सकाळी आठनंतर गावात माणूस सापडत नव्हता. त्यात शुक्रवारी बाजार. मला हे माहीत होतं. ती गावात नवी होती, तिला नव्हतं. मी म्हणाले, "ठेवा की."

चार माणसं आली. त्यातलं एक रस्ता चुकलेलं. ती दिवसभर बीपीचं मशीन पुढं घेऊन बसली आणि मी खिडकीजवळ बसून तिच्याकडं बघत राहिले. मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटत होतं.

तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे निघायला लागली. एमआयडीसीच्या वळणावर चहाची टपरी आहे, फर्स्ट शिफ्टला जाणारे तिथं थांबतात. तिथं बाकड्यावर मशीन ठेवून ती येईल त्याच्या हाताला पट्टा बांधायची. संध्याकाळी शेताच्या बांधावर जाऊन वेचणीच्या बायांना गाठायची. नकाशा टिकल्यांनी भरत चालला. महिन्याच्या मीटिंगमध्ये तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांनी तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी वाजवल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात एक दिवस माझा नवरा कामावरून आला. ते शेंद्र्यात एका कंपनीत आहेत. डबा ओट्यावर ठेवत म्हणाले, "तुमच्या त्या मॅडमनं आज टपरीवर मला मशीन लावलं. दोनदा लावलं. एकशे ऐंशी आलं. म्हणाली, काका, आजच दवाखान्यात जा."

"तुम्ही माझे कोण, ते सांगितलं का?"

"नाय. रांगेत होतो, माझा नंबर आला."

कुणालाही वाटेल की मी घाबरले असेन. घाबरले, पण नंतर. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तिला सापडलं. माझ्या घरातलं दुखणं तिला सापडलं. मी माझ्या पिशवीतलं मशीन काढून लावलं. माझ्याही मशीनवर तेवढंच आलं.

नवरा म्हणाला, "हे मशीन रोज घरात येतं-जातं. मला कधी लावलं नाहीस."

"तुम्ही कधी म्हणालात का, त्रास होतोय म्हणून?"

"तिला तरी मी कुठं म्हणालो होतो."

आम्ही तसेच सरकारी दवाखान्यात गेलो, गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिचं रजिस्टर उघडलं. नवऱ्याचं नाव होतं, पुढं लिहिलं होतं, मुकुंदवाडी, पाठपुरावा करणे. मी म्हणाले, "हा माणूस आपल्या गावचा नाही. आपल्या यादीत येत नाही."

"व्हय, पण तेवढ्यानं त्याचं बीपी उतरतंय का? तुम्ही मुकुंदवाडीलाच राहता ना ताई? जाता जाता बघाल का, गोळ्या घेतात का ते?"

मी "बघते" म्हणून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "ते माझे मालक आहेत. आणि शिबिराच्या दिवशी वेचणी होती, बाजार होता. मला माहीत होतं."

ती लिहिता लिहिता म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पुढच्या वेळी सांगा." आणि मान वर करून, "काकांची गोळी चुकू देऊ नका."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी एक काम स्वतःहून घेतलं. कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्या आहेत, बाहेरगावाहून आलेले मजूर राहतात. ते कुठल्याच गावच्या यादीत नव्हते आणि तिच्या नकाशातही नव्हते. तिथल्या बाया तिच्याशी बोलत नव्हत्या, माझ्याशी बोलल्या. दोन गरोदर बाया अशा निघाल्या की ज्यांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. मी नकाशाला शेजारी दुसरा कागद चिकटवला. ती बघून म्हणाली, "हे माझ्याकडून राहिलं असतं." त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले.

मागच्या वर्षी तिची बदली झाली. निरोपाला गावातल्या बाया रडल्या, आणि त्या माझ्यासाठी अशा रडतील का, हा हिशेब मी तिथंही केलाच. तिच्या जागी आलेल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी वेचणीचे दिवस आणि शिफ्टच्या वेळा लिहून दिल्या.

परवा सकाळी नवऱ्याचा मोबाइल चार्जिंगला लावताना दिसलं, नुकतंच मोजलेलं बीपी त्यांनी, बदली झाली तरी, तिलाच पाठवलं होतं. तिनं उत्तरात अंगठा दाखवला होता. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "तू घरातच आहेस की."

त्या दिवशी ड्यूटीला निघेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.