दारातल्या चपलांचे फोटो

सुनंदा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये हजेरी भरत होतो. झटका आला, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत... ऐकलं आणि पुढची दोन नावं भरून टाकली. हात थांबलाच नाही. रडू आलं ते दोन दिवसांनी, एसटीत.

बोर्लीच्या आमच्या कॉलेजात मुलांची ऑनलाइन इंटर्नशिप आम्ही दोघं सांभाळायचो. कंपन्या मुंबई-पुण्याच्या, मुलं मात्र आपापल्या घरी लॅपटॉपपुढे. मी कामाचे तास बघायचो, मॅडम मुलांना बघायच्या. त्यांचा एकच हट्ट. कामाला बसण्याआधी आपापल्या गावच्या एसटी स्टँडपर्यंत चालून यायचं आणि दारात काढलेल्या चपलांचा फोटो पाठवायचा. "कामावर जायचं तर पायांना माती लागायला नको का, सर?" मी म्हणायचो, "आता चपलांचं दुकानच काढा." त्या हसायच्या आणि एकेक फोटो मोठा करून बघत बसायच्या. "तुमचा फोटो कधी येणार?" असंही विचारायच्या. मी ते हसण्यावारी नेलं.

गेल्या आषाढात तळा गावच्या एका मुलीच्या नावापुढे मी 'उत्तम' असा शेरा मारला. सगळी कामं वेळेत, आणखी काय हवं? मॅडमनी आपला फोन माझ्यापुढे धरला. चार दिवस पाऊस कोसळत होता आणि हिच्या चपला ठणठणीत कोरड्या. पोरगी रोज जुनाच फोटो पाठवत होती. मॅडमनी तिथूनच फोन लावला.

"काय गो, जेवलीस का?"

पलीकडून बारीक आवाज आला, "न्हाय मॅडम. कॅमेरा बंद केला की रडूच येतं. मला न्हाय जमत."

"नको जमू दे. मी येते."

भिजत तळ्याला गेल्या. कंपनीशी बोलून तिचे तास कमी करून घेतले, तिला कॉलेजच्या लॅबमध्ये चार पोरींबरोबर बसवलं. मुलगी सावरली. मी शेरा खोडला, पण लाज काही गेली नाही.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना आटोपल्यावर, त्यांच्या लेकीनं तो फोन माझ्या हातात ठेवला. "काका, आई गेली हे मुलांना कळवलंय, तरी फोटो येतायत. मला बघवत नाहीत." खरं सांगतो, मला तो नको होता. मी दमलोय. सगळं सोडून द्यावं असं हल्ली रोज वाटतं.

तरी रोज सकाळी बघतो. ओल्या, धुळीच्या, अंगठा तुटलेल्या चपला... आज मीही स्टँडपर्यंत चालून आलो, दारात चपला काढल्या, फोटो घेतला आणि मॅडमच्या नंबरवर पाठवला. टेबलावर त्यांचा फोन वाजला. मी तो उचलला आणि फोटो मोठा करून बघितला.